दवंडी आणि चावडीतली वही

एका खानावळीला मी ऑर्डरींचा फलक करून दिला होता. काउंटरवर ऑर्डर नोंदली की स्वयंपाकघरातल्या टॅबलेटवर ती लगेच उमटायची. आठवड्याभरातच मालकांचा फोन आला, "अहो, तुमच्या मशीननं दोन थाळ्या खाल्ल्या!" डेटाबेसमध्ये दोन्ही ऑर्डरी शाबूत होत्या. मधे दोन मिनिटं वायफाय गेलं होतं, एवढंच. चूक माझीच.

गैरसमज: एकदा सबस्क्राइब केलं की प्रत्येक बदल पोचणारच.

वस्तुस्थिती सुपाबेस या डेटाबेस-सेवेच्या उदाहरणानं सांगतो, कारण मी तिचीच क्लायंट लायब्ररी वापरली होती. ही लायब्ररी सर्व्हरशी वेबसॉकेट जोडणी उघडते आणि उघडी ठेवते. पलीकडचा सर्व्हर इलिक्सिर भाषेत, फिनिक्स फ्रेमवर्कवर लिहिलेला आहे. मागचा डेटाबेस, म्हणजे पोस्टग्रेस, आपला प्रत्येक बदल आधी राइट-अहेड लॉगमध्ये टिपतं. तिथून सर्व्हर तो उचलतो आणि ऐकत असलेल्यांना कळवतो. म्हणजे ही दवंडी झाली. ती फिरली तेव्हा तुम्ही शेतात होतात, तर तुमच्यासाठी पुन्हा पिटली जात नाही. तुटलेली जोडणी लायब्ररी आपणहून पुन्हा जोडते, पण मधल्या काळातले बदल भरून देत नाही. प्रत्येक संदेश पोचेलच अशी हमी नाही, हे सुपाबेसनं स्वतःच लिहून ठेवलंय. मी ते थाळ्या गेल्यावर वाचलं.

चावडीतली वही मात्र जागेवर असते. वही म्हणजे टेबल. आधी सबस्क्राइब करायचं, जोडणी झाल्याचं कळलं की मग टेबल वाचायचं. उलट केलंत तर वाचन आणि जोडणी यांच्या फटीत एखादी ऑर्डर निसटते. या क्रमानं एखादी ओळ दोनदा येऊ शकते, पण आयडी जुळवून ती गाळता येते. आणि जोडणी तुटून परत जुळली की दर वेळी टेबल नव्यानं वाचायचं. वायफाय शाबूत असलं तरी हीच गत होऊ शकते: मागे पडलेल्या टॅबचे टायमर ब्राउझर मंदावतो, 'मी आहे' असं सांगणारे हार्टबीट वेळेवर जात नाहीत आणि जोडणी सुटते.

गैरसमज: टेबल केलं की त्याचे बदल आपोआप येऊ लागतात.

नाही येत. ते टेबल पब्लिकेशनमध्ये, म्हणजे ज्यांचे बदल कळवायचे त्या टेबलांच्या यादीत, घालावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१७च्या दहाव्या आवृत्तीपासून आहे. शिवाय टेबलावर रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे कोणी कुठली ओळ पाहायची ते ठरवणारे नियम, लावली असेल आणि वाचायची परवानगी देणारा नियमच नसेल, तर जोडणी छान होते, एररही येत नाही, नव्या किंवा बदललेल्या ओळींची बातमी मात्र येत नाही. या शांततेनं माझी एक अख्खी संध्याकाळ घेतली आहे.

गैरसमज: या सिक्युरिटीमुळे प्रत्येकाला फक्त त्याच्याच ओळींची बातमी मिळते.

नव्या आणि बदललेल्या ओळींपुरतं हे खरं. काढून टाकलेली ओळ मात्र टेबलात उरलेलीच नसते, मग नियम तपासायचा कशावर? त्यामुळे डिलीटची बातमी ते टेबल ऐकणाऱ्या सगळ्यांना जाते, आणि तिच्यात फिल्टरही चालत नाही. सिक्युरिटी चालू असेल तर निदान फक्त प्रायमरी की जाते. म्हणून ग्राहकाचा मोबाइल नंबर प्रायमरी की करण्याचा मोह टाळा.

ब्राउझरमध्ये सुपाबेसची अ‍ॅनॉन की, म्हणजे क्लायंटनं वापरायची किल्ली, दिसते म्हणून घाबरणारेही भेटतात. ती दिसण्यासाठीच असते. लपवायची ती सर्व्हिस रोल की, कारण तिला रो लेव्हल सिक्युरिटीचे नियम लागूच होत नाहीत.

गैरसमज: रिअलटाइम हवं म्हणजे सगळं टेबलातूनच फिरवायचं.

'समोरचा टाइप करतोय' हे टेबलात लिहिणं म्हणजे खोकल्याचीही वहीत नोंद करणं. टेबलाचे बदल ऐकणारे १०० जण असले, तर एका नव्या ओळीसाठी परवानगी १०० वेळा तपासली जाते. त्यातून क्रम बिघडू नये म्हणून हे बदल एकाच थ्रेडवर हाताळले जातात, त्यामुळे मोठा सर्व्हर घेऊनही फारसा फरक पडत नाही. अशा क्षणिक गोष्टींसाठी त्याच लायब्ररीत ब्रॉडकास्ट आहे: एका क्लायंटचा संदेश थेट त्याच चॅनेलवरच्या इतरांना. 'इतरांना' हा शब्द महत्त्वाचा. वेगळं सांगितलं नाही, तर पाठवणाऱ्याला स्वतःचा संदेश परत येत नाही. एकच टॅब उघडून "चालतच नाही हो" म्हणणाऱ्याला मी आधी दुसरा टॅब उघडायला लावतो.