नलिकांचा विवर्धक

विद्युत् गिटार हे वाद्य एकटे असताना जवळजवळ मुके असते. तानपुऱ्याला भोपळा असतो, साध्या गिटारला पोकळ लाकडी पेटी असते आणि तारेचे कंपन त्या पोकळीत घुमून मोठे होते. विद्युत् गिटारचे अंग मात्र बहुधा भरीव लाकडाचे असते. तिच्या तारांखाली चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वरची पोलादी तार कंप पावली की या वेटोळ्यात एक क्षीण विद्युत् संदेश निर्माण होतो. त्याचा दाब एका व्होल्टच्या लहानशा अंशाइतकाच असतो. एवढ्याशा संदेशाने स्पीकरचा पडदा हलत नाही. त्याला बळ देणाऱ्या यंत्राला विवर्धक, बोलीभाषेत अ‍ॅम्प्लिफायर, असे म्हणतात. विवर्धक म्हणजे या वाद्याचा भोपळाच होय.

हे यंत्र आज कारखान्यात हजारोंच्या संख्येने तयार होते. तरीही अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आणि इतरत्र काही कारागीर ते एकेक करून, हाताने डाख देऊन बांधतात आणि त्यात १९५० च्या दशकातील काचेच्या नलिका वापरतात. अशा विवर्धकांना ‘बुटीक’ विवर्धक हे नाव पडले आहे. आपल्याकडे बुटीक म्हटले की निवडक कपड्यांचे छोटे दुकान डोळ्यांपुढे येते. तेथील कपडा जसा मोजक्या संख्येने शिवलेला, तसाच हा विवर्धक. जुन्या, कालबाह्य समजल्या गेलेल्या तंत्राला ही माणसे का चिकटून राहिली, हे समजण्यासाठी तो विवर्धक आतून पाहिला पाहिजे.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर (१९०९–१९९१) यांचे रेडिओ-दुरुस्तीचे दुकान होते. १९४६ साली त्यांनी वाद्ये आणि विवर्धक तयार करणारी स्वतःची कंपनी काढली. गंमत अशी की, ज्यांच्या नावाच्या गिटारी जगभर वाजल्या, त्या फेंडरना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्यांच्या विवर्धकांपैकी सर्वांत लहान ‘चॅम्प’ हा शिकाऊ विद्यार्थ्यांसाठी होता. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचा जो आराखडा प्रचारात आला, त्याचा क्रमांक ५एफ१. यातील ५ हा आकडा दशकाचा, एफ हे अक्षर आराखड्याच्या आवृत्तीचे आणि १ हा आकडा नमुन्याचा. तीन नलिका, डझनभर रोधक, सहा-सात धारित्रे, दोन रोहित्रे आणि आठ इंचांचा एक स्पीकर एवढाच त्याचा पसारा आहे. आवाज कमी-जास्त करण्यासाठी एकच बटण. स्वराचा पोत बदलण्यासाठी बटणच नाही. नव्याने हे काम शिकणारे बहुतेक जण आजही याच आराखड्यापासून सुरुवात करतात.

निर्वात नलिकेचे कार्य समजण्यास कठीण नाही. हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत मध्यभागी ऋणाग्र असते. ते तापले की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. सभोवतीच्या धनाग्रावर मोठा धन दाब दिलेला असल्यामुळे ते तिकडे धावतात. या दोहोंच्या मध्ये बारीक तारेचे जालक असते. कालव्याच्या दाराला माणूस हाताने थोडेसे वरखाली करतो, पण त्यामुळे पाण्याचा केवढा तरी लोंढा कमी-जास्त होतो. जालकाचे काम नेमके असेच चालते. त्यावरचा दाब किंचित बदलला की इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह त्याच लयीत बदलतो. नलिकेला इंग्रजांनी ‘व्हॉल्व्ह’, म्हणजे झडप, हे नाव दिले ते यथार्थच आहे. जालकाची ही कल्पना अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली प्रत्यक्षात आणली. आपल्या घरांतून पूर्वी असलेला व्हॉल्व्हचा रेडिओ याच तत्त्वावर बोलत असे. बटण फिरवल्यावर आवाज येण्यास थोडा वेळ लागे, तो ऋणाग्र तापण्याचा वेळ होय. अशा नलिका एकेकाळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या कारखान्यातही होत असत.

चॅम्पमधील पहिल्या नलिकेचे नाव १२एएक्स७. तिच्या एकाच काचेत दोन स्वतंत्र नलिका बसवलेल्या असतात आणि त्यांतील प्रत्येक अर्धा भाग संदेशाचा दाब प्रत्यक्षात सुमारे पन्नास पटींनी वाढवतो. गिटारकडून २० मिलिव्होल्ट आले, तर पहिल्या भागातून साधारण एक व्होल्ट बाहेर पडतो. तो आवाजाच्या बटणातून दुसऱ्या भागाकडे जातो आणि पुन्हा वाढतो. हा वाढलेला संदेश ६व्ही६ या शक्तिनलिकेच्या जालकावर पडतो. तिसरी नलिका ५वाय३ संदेशाला हातही लावत नाही. रोहित्राकडून येणाऱ्या उलटसुलट प्रवाहाला एका दिशेने वळवणे एवढेच तिचे काम.

शक्तिनलिकेतून बाहेर येणारा दाब मोठा असतो, पण प्रवाह थोडा. स्पीकरला नेमके याच्या उलट हवे असते. ही गाठ घालून देण्याचे काम निर्गम रोहित्र करते. समजा, नलिकेला ८००० ओहमांचा भार मानवतो आणि स्पीकर ४ ओहमांचा आहे. या दोहोंचे गुणोत्तर २००० आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ४५. म्हणून रोहित्राच्या एका बाजूला दुसरीच्या ४५ पट वेढे हवेत. हे रोहित्र हलके निघाले, तर खर्जाचे स्वर पातळ होतात. काही हौशी कारागीर महागड्या धारित्रांवर पैसे उधळतात आणि त्यांच्या ‘गोडव्या’विषयी तासन्‌तास बोलतात. तेवढाच पैसा चांगल्या निर्गम रोहित्रावर आणि चांगल्या स्पीकरवर खर्च केला, तर फरक कानाला खरोखर कळतो.

इतके करून चॅम्पची शक्ती जेमतेम ५ वॅट. परंतु त्याची कीर्ती या दुबळेपणातूनच आली आहे. बटण पुरते फिरवले की शक्तिनलिकेची क्षमता संपते आणि संदेशाची शिखरे चपटी होऊ लागतात. शास्त्राच्या दृष्टीने ही विकृती होय. आवाज हुबेहूब राहिला नाही, म्हणजे यंत्रात दोष आला. परंतु चपट्या झालेल्या लहरीत मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर जन्म घेतात. एकाच शक्तिनलिकेच्या अशा विवर्धकात पहिला ठळक उपस्वर दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे त्याच स्वराचा वरच्या सप्तकातील जोडीदार असतो. तो बेसूर वाटत नाही. स्वर भरल्यासारखा वाटतो. शिवाय नलिका एकदम तुटल्यासारखी हार मानत नाही, हळूहळू मानते. त्यामुळे तार हलके छेडली तर स्वर स्वच्छ आणि जोराने छेडली तर खरखरीत, असा फरक वादकाच्या बोटांच्या स्वाधीन राहतो. निजामीच्या लैला-मजनूवरून स्फुरलेले ‘लैला’ हे गाणे १९७० साली मायामी येथे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा एरिक क्लॅप्टन यांनी असाच लहान चॅम्प विवर्धक वापरला होता. विद्यार्थ्यांसाठी केलेल्या यंत्राला असा मान मिळाला.

१९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढील दोन-तीन दशकांत त्याने नलिकेची जागा घेतली. ट्रान्झिस्टर स्वस्त, थंड आणि टिकाऊ. पण गिटारवादकांना नलिकेची ती हार मानण्याची रीत त्यात सापडेना. दरम्यान जुने आराखडे हातोहाती फिरतच होते. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी १९६२ साली फेंडरच्या ‘बासमन’ विवर्धकाचा आराखडा समोर ठेवून आपला पहिला विवर्धक बांधला. तोच पुढे रॉक संगीताचा आवाज ठरला. १९८० नंतर छोट्या कार्यशाळांनी हीच परंपरा पुन्हा उचलली.

असा विवर्धक बांधताना कारागीर प्रथम धातूच्या सांगाड्याला भोके पाडतो, नलिकांची बैठके आणि रोहित्रे बसवतो. वीजपुरवठ्याचे रोहित्र शक्य तितके प्रवेशाच्या टोकापासून दूर आणि निर्गम रोहित्राशी काटकोनात ठेवावे लागते. अन्यथा एकाचे चुंबकीय क्षेत्र दुसऱ्यात शिरून स्पीकरमधून अखंड गुणगुण ऐकू येते. अमेरिकेतून आणवलेले रोहित्र अनेकदा १२० व्होल्टचे असते. ते भारतातील २३० व्होल्टना जोडले, तर काही क्षणांतच जळते. नलिका तापवणाऱ्या तारा एकमेकींना पीळ घालून कोपऱ्यातून नेतात. रोधक आणि धारित्रे एका जाड पट्टीवरील धातूच्या टोकांवर बसवून प्रत्येक सांध्याला डाख देतात. कथील आणि शिसे यांचा ६३ आणि ३७ टक्के प्रमाणातील डाख १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळतो. सांधा पुरेसा तापला असेल तर तो चकचकीत आणि सपाट पसरलेला दिसतो. मळकट, गोळा झालेला सांधा कच्चा समजावा. कामानंतर हात साबणाने धुणे आवश्यक असते, कारण शिसे विषारी आहे. पुरवठ्याच्या धारित्रांना धन आणि ऋण अशी टोके असतात. ती उलटी जोडली तर धारित्र फुटते.

याच धारित्रांमुळे हे काम जोखमीचे ठरते. चॅम्पमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब खेळत असतो. प्लग काढल्यानंतरही धारित्रांत तो साठून राहतो आणि विझलेल्या, थंड दिसणाऱ्या यंत्रात हात घालणाऱ्याला गाठतो. म्हणून आत हात घालण्यापूर्वी प्लग काढून, सुमारे १०,००० ओहमांचा जाड रोधक आवरण असलेल्या चिमट्याने धारित्राच्या टोकांना लावतात, काही क्षण थांबतात आणि मल्टीमीटरवर शून्य पाहिल्याशिवाय बोट पुढे करत नाहीत. चालू यंत्रात मोजमाप घ्यायचेच असेल, तर जुने तंत्रज्ञ एक हात खिशात ठेवत, कारण दोन्ही हात सांगाड्याला आणि तारेला लागले तर प्रवाह छातीतून जातो. मूळ चॅम्पला दोन पिनांचाच प्लग होता. गिटारच्या तारा सांगाड्याशी विद्युत् दृष्ट्या जोडलेल्या असतात. सांगाड्यात वीज उतरली तर ती सरळ वादकाच्या बोटांत येते. आज बांधणाऱ्याने तीन पिनांचा प्लग वापरून सांगाड्याला भूसंपर्क दिलाच पाहिजे. जुन्याची हुबेहूब नक्कल करण्याच्या हौसेला येथे मुळीच जागा नाही. वीजजोडणीचे पहिले काम जाणकाराच्या देखरेखीखाली करावे.

बांधणी पूर्ण झाली की कसोटीचा क्षण येतो. भारतातील रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानांतून वापरला जाणारा मालिकेतील बल्ब येथेही उपयोगी पडतो. विवर्धक आणि भिंतीतील वीज यांच्या मध्ये साधा तापणारा बल्ब जोडतात. आत कोठे तारा भिडल्या असतील, तर बल्ब प्रखर पेटतो आणि यंत्र वाचते. प्रथम नलिका न बसवता दाब मोजतात, मग नलिका घालतात. स्पीकर मात्र आधीच जोडलेला हवा. भाराशिवाय चालवलेले निर्गम रोहित्र निकामी होऊ शकते.

या टप्प्यावर अनेकांना एक धक्का बसतो. नलिका तापतात आणि संगीताऐवजी कानठळ्या बसवणारी किंकाळी सुरू होते. आठवडाभराचे काम वाया गेले, असे वाटते. कारण बहुधा क्षुल्लक असते. चॅम्पमध्ये स्पीकरकडील थोडा संदेश २२,००० ओहमांच्या रोधकातून उलट मागे आणून विकृती आटोक्यात ठेवलेली असते. निर्गम रोहित्राच्या दोन तारांची अदलाबदल झाली, तर हा संदेश विरोध करण्याऐवजी भर घालू लागतो. वीज बंद करून, धारित्रे रिकामी करून त्या दोन तारा बदलल्या की किंकाळी थांबते.

शेवटी शक्तिनलिकेचा प्रवाह तपासतात. तिच्या ऋणाग्राशी ४७० ओहमांचा रोधक असतो. त्यावर १८.८ व्होल्ट आढळले, तर भागाकाराने ४० मिलिअँपिअर निघतात. धनाग्र आणि ऋणाग्र यांमध्ये ३०० व्होल्ट असतील, तर नलिका १२ वॅट उष्णता सोसते आहे. जुन्या ६व्ही६ची हीच मर्यादा आहे. त्याहून अधिक आकडा आला, तर धनाग्र अंधारात लालसर दिसू लागते आणि नलिका लवकर मरते. नव्या नलिका आता मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथून येतात. २०२२ साली युक्रेनमधील युद्धामुळे रशियन नलिकांचा पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा बांधणाऱ्यांना याची चांगलीच जाणीव झाली.

अमेरिकेतील प्रख्यात कारागीर अलेक्झांडर डंबल (मृत्यू २०२२) आपल्या विवर्धकांच्या जोडणीवर राळेचा थर ओतत असत, जेणेकरून कोणी तिची नक्कल करू नये. फेंडरच्या विवर्धकात मात्र पेटीच्या आतल्या बाजूस कोणती नलिका कोठे बसते, हे दाखवणारा छापील कागद चिकटवलेला असे. आजचे अनेक कारागीर ही दुसरी रीत पाळतात. आपण मोजलेला प्रत्येक दाब, केलेला प्रत्येक बदल आणि तारीख त्या कागदावर लिहून ते तो पेटीत चिकटवतात. वीस-तीस वर्षांनी धारित्रे वाळून गुणगुण सुरू झाली, तर पेटी उघडणाऱ्या अनोळखी माणसाला तो उपयोगी पडतो.