जेवण तोडले की वजन उतरते, पण कशाचे?

खाणे एकदम कमी केले की वजन उतरते, यात वाद नाही. रोज लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी ऊर्जा पोटात गेली की उरलेली गरज शरीर स्वतःच्या साठ्यातून भागवते. वाद आहे तो उतरलेल्या वजनात चरबी किती, पाणी किती आणि स्नायू किती याचा. आणि ते वजन दोन-तीन वर्षांनी कुठे असते याचा. दिवसाला 800 कॅलरींहून कमी ऊर्जेचा आहार (कॅलरी म्हणजे येथे किलोकॅलरी) वैद्यकशास्त्रात अत्यल्प ऊर्जेचा मानला जातो आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वजन उतरवण्याचा आहार 1000 कॅलरींच्या खाली जाऊ नये, आणि आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी-टोमॅटो आणि रात्री वाटीभर सूप हा तोंडोतोंडी फिरणारा आहार 300 कॅलरींपर्यंतही कसाबसा पोचतो.

हजार कॅलरींचा अर्थही सगळ्यांना सारखा नसतो. शिराळा तालुक्याचे उदाहरण घ्या. हा तालुका म्हणजे सांगली जिल्ह्याचा पावसाचा, भाताचा कोपरा. मे महिन्यात धूळवाफेवर पेरलेल्या भाताची भांगलण आषाढ-श्रावणात चालते, तीही दिवसभर वाकून, ओल्या रानात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार 55 किलो वजनाच्या स्त्रीला बैठ्या कामासाठी दिवसाला 1660, मध्यम कष्टासाठी 2130 आणि जड कष्टासाठी 2720 कॅलरी लागतात. म्हणजे शिराळ्याच्या पेठेत गल्ल्यावर बसणाऱ्या बाईची 1000 कॅलरींत साठ टक्के गरज भागते, तर दिवसभर जड कष्ट करणारीची चाळीस टक्केही भागत नाही. मोबाइलवर आलेला एकच आहारतक्ता दोघींनी पाळणे हीच पहिली चूक.

‘आठवड्यात तीन किलो चरबी गेली’

हा हिशेब गणितातच बसत नाही. शरीरातील एक किलो चरबीच्या ऊतीत सुमारे 7700 कॅलरी असतात. बैठे काम करणारी स्त्री आठवडाभर नुसत्या पाण्यावर राहिली तरी तिची तूट साडेअकरा हजार कॅलरींची होईल, म्हणजे फार तर दीड किलो चरबीइतकी. मग काट्यावर दिसणारे उरलेले दीड किलो कुठले?

यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो साधारण अर्धा किलो भरतो आणि प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणे तुटले की पहिल्या एक-दोन दिवसांत हा साठा आटतो आणि त्याबरोबरचे पाणी लघवीवाटे जाते. मीठ कमी गेल्याने आणखी पाणी सुटते, आतडीही रिकामी होतात. पोटभर जेवण सुरू झाले की चार दिवसांत हे सगळे परत भरते, आणि माणसाला वाटते की दोन घास खाल्ले तर दोन किलो वाढले. दोन्ही वेळा बदललेले असते ते मुख्यतः पाणी.

कृष्णा-वारणा खोऱ्यातल्या तालमींना ही गोष्ट नवी नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते बँटमवेट गटात, आणि वजनी गटाच्या कुस्तीत काट्यापुरते पाणी उतरवण्याचे प्रकार जगभर चालतात. ते किती निसरडे असते हे 7 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये दिसले. रात्रभर धडपडूनही विनेश फोगाटचे वजन 50 किलोच्या गटात 100 ग्रॅम जास्त भरले आणि ती अंतिम लढतीआधीच बाद झाली. वजनकाटा चरबी मोजत नाही.

‘पाणी गेल्यावर जाते ती फक्त चरबी’

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हा. मेंदूला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज लागते आणि चरबीपासून ते फारसे बनवता येत नाही. ग्लायकोजेन संपल्यावर शरीर स्नायूंतली प्रथिने मोडून ग्लुकोज तयार करते. पुढे मेंदू चरबीपासून बनणाऱ्या कीटोनांवर बराचसा भागवतो, त्यामुळे स्नायूंची झीज मंदावते, पण थांबत नाही. आहारात प्रथिने कमी आणि हालचालही कमी असेल, तर उतरलेल्या वजनाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग चरबीखेरीज इतर ऊतींचा असू शकतो.

भारतीयांच्या बाबतीत हा तोटा दुप्पट खुपतो, कारण मुळात स्नायूच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे एका छायाचित्राने जगापुढे मांडले. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्या चित्रात ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबीदार अशी ही ठेवण. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत 90, स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. अशा शरीराला उपाशी ठेवले तर काटा खाली येतो, पण आधीच तोकडे असलेले स्नायू आणखी कमी होतात. रक्तातली साखर खेचून घेणारी मोठी जागा म्हणजे स्नायूच.

हाडांचेही तसेच. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या लठ्ठ स्त्रियांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आहार कठोरपणे तोडलेल्या गटाचे वजन जास्त उतरले, पण खुब्याच्या हाडाची घनताही मध्यम कपात करणाऱ्यांपेक्षा सुमारे अडीच पट घटली. पन्नाशीनंतर खुब्याचे हाड जपण्यासारखे असते.

यावरचा उपाय साधा आहे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे किमान 0.83 ग्रॅम प्रथिने ही सर्वसाधारण शिफारस. वजन उतरवताना त्याहून थोडी जास्त, आणि जोडीला ताकदीचा व्यायाम. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक ज्या शिराळ्यात आहे, तेथे जोर-बैठकांची ओळख वेगळी करून द्यायला नको.

‘उपवास धरला की वजन आपोआप घटते’

नागपंचमीमुळे देशभर ठाऊक झालेल्या शिराळ्याला श्रावणातले उपवास सांगायला नकोत. नागचतुर्थीला भावासाठी उपवास, पंचमीला चिरणे-तळणे वर्ज्य म्हणून उकडलेले दिंड. मग सोमवार, शनिवार, एकादशी. निरोगी माणसाला एका दिवसाच्या उपवासाने अपाय होत नाही. पण पन्नास ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप एवढ्या खिचडीतच 400 कॅलरी होतात, बटाटा वेगळा. त्यात प्रथिने सहा-सात ग्रॅम, तीही जवळजवळ सगळी शेंगदाण्यांची. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आहारशास्त्राच्या आधीची आहे आणि बरोबर आहे.

याच ओघात महाराष्ट्रात गाजलेला एक वाद येतो. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर उभी असलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत जेवायला सांगते. मुंबईच्या ऋजुता दिवेकर थोडे थोडे, अधिक वेळा आणि घरचे पारंपरिक अन्न खायला सांगतात. ‘दीक्षित की दिवेकर’ यावर घराघरांत दोन तट पडले. पण उपाशी राहा असे दोघांपैकी कोणीच सांगत नाही. दीक्षितांच्या पद्धतीत दोन्ही जेवणे पोटभर आहेत. त्यातले एक वगळून दुसरे अर्धे करणाऱ्यांनी ‘दीक्षित डाएट’चे नाव घेऊ नये.

‘कमी खाल्ले की चयापचय बंद पडते आणि वजन हलतच नाही’

उपासमारीच्या विरोधात दिला जाणारा हा युक्तिवादही चुकीचाच. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे रोज सुमारे 1570 कॅलरींवर ठेवले. चालणे-फिरणे भरपूर, अन्न निम्मे. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांश उतरले. चयापचय मंदावले, तरी वजन घटतच राहिले. मंदावण्याची किंमत वेगळीकडे मोजावी लागली: सतत थंडी, अशक्तपणा, चिडचिड, उदासी, आणि अन्नाखेरीज दुसरा विचार नाही. काहीजण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. प्रयोग संपल्यावर त्यांची भूक महिनोन् महिने आवरेना, आणि चरबी स्नायूंपेक्षा वेगाने परतली.

नंतरच्या संशोधनाने कारण दाखवले. वजन उतरल्यावर तृप्ती सांगणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते, भूक पेटवणारे घ्रेलिन वाढते, आणि हा बदल वर्षानंतरही टिकून असल्याचे 2011 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात आढळले. अमेरिकेतील ‘द बिगेस्ट लूजर’ या दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होते. वजन पुन्हा वाढणाऱ्याला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणणे त्यामुळे अन्यायाचे आहे.

‘भराभर उतरलेले भराभर वाढते, सावकाश उतरलेले टिकते’

हेही तपासून पाहिलेले आहे. मेलबर्नमध्ये 200 जणांपैकी निम्म्यांना 12 आठवड्यांचा 450 ते 800 कॅलरींचा आहार दिला, निम्म्यांना 36 आठवड्यांचा सौम्य. ठरवलेली घट जलद गटात दहापैकी आठांनी गाठली, सावकाश गटात निम्म्यांनी. ज्यांनी गाठली त्यांचे तीन वर्षांत सुमारे 70 टक्के वजन परत आले, दोन्ही गटांत सारखेच. म्हणजे वजन टिकवतो तो नंतरचा आहार आणि व्यायाम. उतरवण्याचा वेग नव्हे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत 825 ते 853 कॅलरींच्या आहाराने टाइप 2 मधुमेह असलेल्या 46 टक्के रुग्णांची साखर वर्षअखेर औषधांविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. तेव्हा कठोर कपात हे उपचाराचे साधन होऊ शकते. पण तेथे मोजून मापून बनवलेले, जीवनसत्त्वे आणि प्रथिने घातलेले अन्न होते, औषधे बदलायला डॉक्टर होते आणि पुढे टप्प्याटप्प्याने जेवणावर आणायची योजना होती. काकडी आणि निर्धार यांवर तो निकाल मिळत नाही.

देखरेखीविना होणारे त्रास ठरलेले आहेत. पोटात स्निग्ध पदार्थ न गेल्याने पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचते आणि त्यात खडे धरतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने वजन उतरले की हा धोका चढतो. दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात, पाळी अनियमित होते किंवा थांबते, युरिक आम्ल वाढते. रक्तक्षयाचे तर सांगायलाच नको. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होते. त्यांच्या ताटातून डाळ, उसळ, अंडे काढून घेणे म्हणजे लठ्ठपणावर इलाज नव्हे.

चालेल अशी कपात कोणती, तर रोज 500 कॅलरींच्या आसपास. चार कप चहातली आठ चमचे साखर 160 कॅलरी देते, मोठा चमचाभर तेल 135, संध्याकाळची फरसाणाची मूठ दीडशे. ही काढली तर भाकरी, भात, आमटी, उसळ, ताक यांना हात लावावा लागत नाही. भात एक वाटी कमी आणि उसळ एक वाटी जास्त एवढे पुरते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुले, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रुग्ण यांनी कठोर कपात करूच नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर एक वेळचे जेवण वगळण्याआधीही डॉक्टरांना विचारावे, कारण औषध तेवढेच आणि अन्न निम्मे झाले की साखर काही तासांत धोक्याच्या खाली जाते.