उष्णतेचे माप
(रेडिओलहरींनी त्वचा घट्ट कशी होते?)

वृत्तपत्रे चाळली किंवा मोबाइल हाती घेतला, की शस्त्रक्रियेवाचून सुरकुत्या घालविण्याच्या व त्वचा घट्ट करण्याच्या जाहिराती हल्ली वारंवार दृष्टीस पडतात. त्यांपैकी पुष्कळ जाहिराती रेडिओलहरींच्या उपचाराच्या असतात. हेमलकशासारख्या अरण्यप्रदेशात राहणाऱ्या आपणांस त्याचे काय प्रयोजन, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या नियमाने हा उपचार चालतो, तोच नियम आपल्या रश्शाच्या भांड्यात आणि हिवाळ्यातील शेकोटीपाशीही चालत असतो. तो ठाऊक असला म्हणजे जाहिरातीतील खरे-खोटे निवडता येते, आणि प्रसंगी एखाद्या बालकाचा हात किंवा मानही वाचविता येते. म्हणून या विषयाचे थोडे विवेचन येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम त्वचेची रचना पाहू. त्वचेचे मुख्य थर दोन. वरचा थर पातळ असून त्यास बाह्यत्वचा म्हणतात. त्याखालचा जाड थर ती अंतस्त्वचा. अंतस्त्वचेतील पाणी वगळले, तर उरलेल्या द्रव्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा असतो. या प्रथिनाचे तंतू बाजेच्या सुंभाप्रमाणे एकमेकांत गुंतलेले असतात. नवी बाज ताठ असते; वर्षे लोटली की तिला झोळ पडतो. त्वचेचेही तसेच. वय वाढते, ऊन लागते, तंतू तुटतात, नवे कमी निपजतात, आणि चेहऱ्यावर वळ्या उमटतात. बाज सैल झाली तर आपण सुंभ ओढून पुन्हा ताणतो. त्वचेतील सुंभ हाताने ओढता येत नाही. तो उष्णतेने आखडविता येतो. हेच या उपचाराचे मूळ होय.

याचा पुरावा घरोघरी आहे. मटणाचा तुकडा उकळत्या रश्शात टाकला की तो आकसतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बकऱ्याचे पाय पुष्कळ वेळ शिजवून केलेला रस्सा निवल्यावर थिजतो, हेही पाहिले आहे. ही दोन्ही कामे मुख्यतः कोलॅजेनचीच. त्याचा प्रत्येक सूक्ष्म धागा तिपेडी वेणीसारखा तीन पेडांचा असतो, व ते पेड नाजूक बंधांनी एकत्र राहतात. उष्णता सुमारे 60 ते 65 अंश सेल्सियसपर्यंत गेली की हे बंध सुटू लागतात, आणि धागा आखूड व जाड होतो. उष्णता थोडा वेळच राहिली तर धागा केवळ आखडतो. अधिक वेळ राहिली तर त्याची वीण पार विस्कटते, आणि रश्शात उतरून तो थिजणारा पदार्थ बनतो.

आता अडचण अशी, की बाहेरून उष्णता दिली तर आतला थर तापण्यापूर्वी वरचा थर भाजेल. ती विजेने दूर केली. आपल्या घरातील विजेचा प्रवाह सेकंदास 50 वेळा उलटसुलट होतो, आणि त्याचा धक्का बसल्यास स्नायू आखडून प्राणही जाऊ शकतो. परंतु प्रवाह सेकंदास दहा हजारांहून पुष्कळ अधिक वेळा उलटू लागला, तर स्नायू त्यास दाद देत नाहीत व देहात केवळ उष्णता उत्पन्न होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आर्सेन दार्सोन्व्हाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात दाखवून दिले. त्वचेच्या उपचारात प्रवाह सेकंदास सुमारे तीन लाख ते एक कोटी वेळा उलटतो. रेडिओच्या मध्यम लहरींची आंदोलने सेकंदास 5 लाख 31 हजार ते 16 लाख 2 हजार असतात. म्हणजे दोहोंची जात एकच. रेडियमच्या किरणांशी या लहरींचा काहीएक संबंध नाही. नावातील साम्याने भिण्याचे कारण नाही.

शरीरातील पाण्यात क्षारांचे विद्युद्भारित कण असतात. प्रवाह उलटला की तेही उलट दिशेस ओढले जातात. सेकंदास लक्षावधी वेळा असे हेलकावे बसल्याने ते शेजारच्या कणांवर आदळतात, आणि त्या घर्षणाने अंतस्त्वचा आतूनच तापते. यंत्राचे टोक चेहऱ्यावर टेकवितात. काही यंत्रांत प्रवाह परत जाण्यासाठी एक पट्टी पाठीला किंवा मांडीला लावावी लागते, तर काहींत दोन्ही ध्रुव त्या टोकातच असतात. वरचा थर भाजू नये म्हणून पुष्कळ यंत्रे त्यास त्याच वेळी थंड करीत राहतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2002 साली अशा एका यंत्रास डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांकरिता मान्यता दिली. त्यानंतर हा उपचार जगभर पसरला, आणि आपल्या मोठ्या शहरांतूनही तो होऊ लागला.

उष्णतेचा परिणाम दोन प्रकारांनी होतो. पहिला तात्काळ, तो तंतू आखडण्याचा. दुसरा मंद असून अधिक महत्त्वाचा आहे. तापलेल्या भागास शरीर जखमच समजते, आणि ती भरून काढण्यासाठी पुढील काही महिने नवे कोलॅजेन विणीत राहते. म्हणजे हा उपचार वस्तुतः एक मोजून केलेली इजा आहे. डागडुजीचे खरे काम शरीरच करते. म्हणून त्याचे फळ दोन ते सहा महिन्यांनी दिसते, ते माफक असते, आणि कायमचे टिकत नाही. त्वचा फार लोंबत असेल तर शस्त्रक्रियेची बरोबरी हा उपचार करू शकत नाही. एका दिवसात तारुण्य परत आणून देण्याचे वचन जो देतो, तो शास्त्र सांगत नसून माल विकत आहे, असे खुशाल समजावे.

या पद्धतीचा एक गुण आपल्यासारख्या सावळ्या लोकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. लेसरचा प्रकाश त्वचेतील काळा रंग शोषून घेतो. त्यामुळे काळ्या त्वचेवर तो जपून न वापरल्यास भाजून डाग पडतात. रेडिओलहरींची उष्णता मात्र त्वचेच्या रंगावर अवलंबून नसते. तथापि त्याही निर्धोक नाहीत. माप चुकले तर त्वचा भाजते, आतील चरबी विरघळून खळगे पडतात. सुया टोचून त्यांतून लहरी सोडणाऱ्या यंत्रांमुळे भाजणे, व्रण व मज्जातंतूंची इजा झाल्याच्या तक्रारी आल्यावरून वरील प्रशासनानेच 2025 च्या ऑक्टोबरात लोकांस सावध केले. ज्यांच्या हृदयास गती देणारे यंत्र बसविलेले आहे अशांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी, हा उपचार टाळावा. आणि इतरांनीही तो पदवीधर त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावा.

हा उपचार चालू असता वैद्य रुग्णास वारंवार विचारतो, "किती तापते?" यंत्रात उष्णतामापक असला तरी रुग्णाची वेदना हीच शेवटची राखणदार असते. ही राखणदार नाहीशी झाली तर काय होते, हे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलुखास चांगले ठाऊक आहे. कुष्ठरोगाने हातापायांची संवेदना जाते. तापलेले भांडे हाती धरले तरी कळत नाही, आणि भाजून बोटे झडत जातात. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी 1946 नंतर या हानीचा कसून अभ्यास केला, आणि तिचे मोठे कारण रोगाहूनही बधिरपणा हे आहे, असे दाखवून दिले. वरोऱ्याजवळचे आनंदवन बाबा आमटे यांनी अशाच रुग्णांसाठी उभारले.

त्याच बाबांनी 1973 च्या डिसेंबरात हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया बांधवांवर उपचार सुरू केले. आरंभीची कित्येक वर्षे तेथे वीज नव्हती. अस्वलाने ओरबाडलेले व आगीत भाजलेले रुग्ण त्यांजकडे येत. अंगावर वस्त्र थोडे, थंडी कडाक्याची, म्हणून शेकोटीलगत निजण्याची रीत. त्यात झोपेत किंवा फेफऱ्याच्या झटक्यात मनुष्य विस्तवात पडे. येथे उष्णतेस माप नसते. खोल भाजल्यावरही शरीर नवे कोलॅजेन विणते, परंतु ते बेसुमार. व्रण आखडत जातो, बोटे तळहाताशी व हनुवटी छातीशी जखडते. शहरात पैसे देऊन जी शक्ती विकत घेतात, तीच येथे अंग वाकडे करते. भेद केवळ मापाचा.

म्हणून पालकांस व विद्यार्थ्यांस आमची विनंती अशी. कोणी भाजल्यास त्या भागावर त्वरित वीस मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे. बर्फ लावू नये. बांगड्या, कडी, अंगठ्या सूज येण्यापूर्वीच काढाव्या. राख, हळद, टूथपेस्ट काही न लावता स्वच्छ कापडाने झाकून रुग्णालय गाठावे. फेफरे येणाऱ्यास शेकोटीपासून दूर निजवावे आणि त्याचे औषध खंडू देऊ नये. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लाजू नये. सरकारी आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाचे औषध विनामूल्य मिळते, आणि वेळीच घेतल्यास हातपाय शाबूत राहतात.

आजीच्या कपाळावरील वळ्या हा रोग नव्हे. त्यांस औषध नको. कोणास त्या घालवाव्याशा वाटल्या तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु भाजलेल्या बालकाची बोटे सरळ राखणे हा आपणां सर्वांचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी लागणारे पाणी आपल्या घरच्या घागरीतच आहे.