गुडघ्यातील वंगण : उपमा आणि वस्तुस्थिती



'डॉक्टर, गुडघ्यातले वंगण संपले. ते इंजेक्शनाने पुन्हा भरता येते म्हणे!' असे म्हणणारे रुग्ण मला नित्य भेटतात. एके काळी हीच उपमा मीही त्यांना सांगत असे. समजावयास ती सोपी होती. परंतु ती सत्याला आडवी येते, हे मला उशिरा उमगले. त्याची कबुली देणे हा आजच्या विवेचनाचा हेतू होय.

गुडघ्यात हाडांची टोके कूर्चेच्या गुळगुळीत थराने मढविलेली असतात आणि त्यांच्यामध्ये संधिद्रव असतो. निरोगी गुडघ्यात तो चमचाभरही नसतो. त्याला चिकटपणा देणारा पदार्थ म्हणजे हायल्युरॉनिक आम्ल. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातील पारदर्शक द्रवातून ते प्रथम वेगळे केले. ग्रीक भाषेत 'हायलॉस' म्हणजे काच, त्यावरून हे नाव पडले. सावकाश हालचालीत हा द्रव तेलासारखा वाहतो, तर अकस्मात धक्का बसताच रबरासारखा तो झेलतो.

झिजेच्या संधिवातात या आम्लाच्या लांब साखळ्या तुटतात आणि द्रव पातळ होतो. मग ते बाहेरून का घालू नये? एंद्रे बालाझ या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने कोंबड्याच्या तुऱ्यातून ते शुद्ध स्वरूपात मिळविले. नेत्रशस्त्रक्रियेत आणि घोड्यांच्या सांध्यांत त्याचा वापर झाला. १९९७ साली अमेरिकेत माणसाच्या गुडघ्यासाठी अशा इंजेक्शनांना मान्यता मिळाली. आता काही प्रकार जिवाणूंच्या साहाय्यानेही तयार होतात.

कल्पना तर्कशुद्ध होती. पण गुडघा म्हणजे कोरडा पडलेला गाडीचा आस नव्हे. दुखऱ्या गुडघ्यात पुष्कळदा सूज येऊन द्रव उलट वाढलेला असतो. कूर्चेला मज्जातंतू नसतात. वेदना उमटते ती तिच्याखालच्या हाडातून, सांध्याच्या अस्तरातून आणि भोवतालच्या ऊतींतून. शिवाय टोचलेला पदार्थ सांध्यात फार काळ टिकत नाही आणि झिजलेली कूर्चाही त्याने भरून येत नाही.

२०२२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १६९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात एकवीस हजारांहून अधिक रुग्ण होते. नुसत्या मिठाच्या पाण्याचे किंवा तत्सम इंजेक्शन घेतलेल्यांच्या तुलनेत या औषधाने मिळालेला जादा आराम इतका अल्प होता, की रुग्णाला तो क्वचितच जाणवावा. त्याच वर्षी ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने हा उपचार देऊ नये असे सांगितले. २०२१ साली अमेरिकी अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेनेही तो सरसकट वापरू नये असा अभिप्राय दिला. कुणाला बरे वाटले असेल, तर ते वाटणे खोटे नव्हे. परंतु ते वंगणामुळेच, असे ठामपणे म्हणता येत नाही.

तरीही कोणी हे इंजेक्शन घेणार असेल, तर पक्ष्यांच्या पदार्थांची किंवा अंड्याची ॲलर्जी असल्यास आधी सांगावी. नंतर गुडघा लाल व गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

या उपमेचे खरे नुकसान पैशाहून मोठे आहे. 'वंगण संपले' हे ऐकलेला माणूस झिजेच्या भयाने चालणेच सोडतो. मांडीचे स्नायू दुबळे होतात, वजन वाढते आणि गुडघा अधिकच दुखतो. वास्तविक कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. स्पंजाप्रमाणे दाब पडून सुटताना तिला संधिद्रवातून पोषण मिळते. म्हणजे चालणे हाच तिचा आहार. २००५ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले, की एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी, हे उपाय साधे असले तरी खरे आहेत. सांधा फारच बिघडला, तर शस्त्रक्रियेचा मार्ग आहेच.

म्हणून आता मी रुग्णांना म्हणतो, 'काका, गुडघा यंत्र नव्हे, जिवंत अवयव आहे, त्याला चालवा.'