पावसाळ्यातील फ्लू आणि घरातील हवा

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या ऐन कुशीत वेल्हे तालुका वसला आहे. या तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. आषाढात येथे भातलावणीची एकच लगबग असते. तोरणा व राजगड दिवसचे दिवस ढगांत दडलेले असतात. फ्लू अर्थात इन्फ्लूएन्झाचा जोरही याच दिवसांत वाढतो. थंड हवेच्या देशांत हा आजार हिवाळ्याचा मानला जातो. पुणे परिसरात मात्र त्याचा मुख्य हंगाम जुलै ते सप्टेंबर हा असून हिवाळ्याच्या अखेरीस त्याची आणखी एक, बहुधा लहान, लाट येते. म्हणजेच शाळा भरल्यानंतर थोड्याच दिवसांत हा पाहुणा दाराशी येतो.

हा साधा पडसे-खोकला नव्हे. १९१८ च्या साथीत एकट्या मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला तो पुण्यात, ३ ऑगस्ट रोजी. दगावली ती एक शाळकरी मुलगी. त्यानंतर शहरातील शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी लांबच लांब रांगा लागल्या.

रुग्ण खोकतो, शिंकतो, बोलतो, तेव्हा त्याच्या तोंडावाटे बारीक तुषार उडतात. मोठे तुषार जवळपासच खाली बसतात. अतिसूक्ष्म कण मात्र कोंडलेल्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात. रुग्णापासून संसर्ग होण्याचा काळ ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच सुरू होतो आणि पुढे पाच ते सात दिवस टिकतो. त्यामुळे आजारी माणूस ओळखून मग दूर ठेवू, हा हिशेब अपुरा पडतो. घरातील हवा आधीपासूनच खेळती असली पाहिजे.

येथेच खरी अडचण आहे. ‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला शहरातील सदनिकेसाठी ठीक. मावळातील घराला तो तसाच लागू पडत नाही. पश्चिमेकडून झड आत येते म्हणून लोक त्या बाजूच्या फटीसुद्धा बुजवतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. ओली घोंगडी, इरली, सरपण, कित्येक ठिकाणी गुरेही एकाच छपराखाली असतात. चूल दिवसभर धुमसत राहते. अशा घरात वाऱ्याच्या आडोशाची, म्हणजे बहुधा पूर्वेकडील खिडकी उघडी ठेवावी आणि आढ्याजवळ, पाऊस आत येणार नाही अशा बेताने, धुराला वाट करून द्यावी. तापलेली हवा वर चढून त्या वाटेने बाहेर पडते, तिच्या जागी खालून ताजी हवा येते. चुलीचा विस्तव अशा रीतीने पंख्याचे काम करतो. वरची वाट नसेल, तर तोच विस्तव घर धुराने कोंदून टाकतो.

धुराने रोगराई पळते, अशी समजूत आहे. धुराने डास हटतात, माळ्यावरच्या बियाण्याला कीड कमी लागते, हे खरे. परंतु फ्लूचा विषाणू त्याने मरत नाही. उलट श्वासनलिकेतील घाण बाहेर लोटणारी सूक्ष्म केसांसारखी लव धुराने निकामी होत जाते आणि संसर्गास वाट मोकळी होते. चुलीपाशी सर्वांत अधिक वेळ जातो तो घरातील स्त्रीचा व तिच्या काखेतील मुलाचा. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस आला. तरी आंघोळीचे पाणी तापविण्यास आणि कपडे वाळविण्यास चूल राहिलीच. म्हणून घरकुलाचे काम चालू असतानाच धुराड्याची व समोरासमोरच्या दोन खिडक्यांची सोय झाली आहे की नाही, हे ग्रामपंचायतीने पाहावे. स्लॅब पडल्यावर भोक पाडण्याचा खर्च कोणी करीत नाही.

हातांची स्वच्छता त्याखालोखाल महत्त्वाची. या विषाणूचे वेष्टन स्निग्ध पदार्थाचे असते. साबणाने ते विरघळते, नुसत्या पाण्याने नाही. दाराची कडी, मोबाइल यांसारख्या टणक वस्तूंवर विषाणू दिवसभर, क्वचित दोन दिवसही तग धरतो. खोकताना रुमाल वा पदर तोंडावर धरावा आणि तो रोज धुवावा. पावसात तो वाळत नाही, ही सबब खरी असली तरी चुलीपाशी वाळविलेला रुमाल ओल्या रुमालापेक्षा बरा. शाळेत एका पेल्याने सर्वांनी पाणी पिण्याची पद्धत शिक्षकांनी मोडावी. तापलेल्या मुलास घरी पाठवावे, हजेरीसाठी थांबवू नये.

रुग्णाची पथारी उघड्या खिडकीजवळ, इतरांपासून निदान चार हात दूर घालावी. अंगावर पाजणाऱ्या आईस फ्लू झाल्यास दूध तोडू नये. नाक-तोंड झाकून, हात धुऊन पाजावे. प्रतिजैविके या विषाणूवर चालत नाहीत. ती मागून घेऊ नयेत. लहान मुलास ॲस्पिरिन देऊ नये. गरोदर स्त्री, वृद्ध, दोन वर्षांखालील मूल, दमा वा मधुमेह असलेली व्यक्ती यांना ताप-खोकला सुरू होताच आशा सेविकेस कळवावे, कारण ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, मुलाने दूध तोडणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णास दवाखान्यात हलवावे. दूरच्या वाड्यांनी त्यासाठी वाहन कोणाचे व चालक कोण, हे ज्येष्ठातच ठरवून ठेवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येईल, तेथवर रुग्णास आणण्याचे काम वाडीचेच असते.