चालता, पण उठता येते का?

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक मनगट मोडल्याने दवाखान्यात आले होते. वय ७४. पहाटे तासभर चालण्याचा त्यांचा नेम क्वचितच चुकलेला. तरीही न्हाणीघरात तोल गेला. “डॉक्टर, मी तर रोज चालतो,” असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. पुढे प्लास्टर निघाल्यावर मी त्यांना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितले. त्यांना उठता आले नाही.

वाचकहो, आपल्या बालपणी चालणे हा व्यायाम मानलाच जात नसे. ते नुसते जाणे होते. व्यायाम म्हणजे जोर-बैठका, मल्लखांब, सूर्यनमस्कार. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी तर आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. खो-खोमध्ये पाटीवर बसलेला गडी खो मिळताच उसळून धावे. आट्यापाट्यांत क्षणात दिशा बदलावी लागे. मंगळागौरीच्या फुगडीत आणि पिंग्यात स्त्रियांचा तोल रात्रभर पारखला जाई. (आता हे खेळ करणारे गट बोलावले जातात आणि घरच्या स्त्रिया खुर्चीत बसून पाहतात. मला त्याचे हसू येते आणि वाईटही वाटते.) घरात पाटावर जेवण, जात्यावर दळण, बसणे-उठणे दिवसभर चाले.

यातले बहुतेक सुटले आणि उतारवयात हाती राहिले ते चालणे. हृदय, रक्तशर्करा, मन यांना ते हितकरच आहे. ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर चालताना मांड्यांना शरीराचा भार खालून वर उचलावा लागत नाही आणि तोलाचाही फारसा कस लागत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यात किमान १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबरच तीन दिवस तोल व शक्ती वाढवणारे व्यायाम सुचवले आहेत.

आरंभ घरीच करता येईल. न घसरणारी, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. हात छातीशी बांधून पाच वेळा उठा-बसा आणि कोणाला तरी वेळ मोजू द्या. १५ सेकंदांहून अधिक लागले, तर पायांची शक्ती उणावली आहे असे समजावे. हात टेकावेच लागले, तर टेकून सुरुवात करा. ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, हा दुसरा अभ्यास. जवळ कोणी असावे. चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हाडे ठिसूळ असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

घरातील मंडळींना एक विनंती. पाण्याचा पेला, वर्तमानपत्र, चष्मा सारे हातात आणून देण्यात माया आहे. पण त्यांना उठणे शक्य असेल, तर उठू द्यावे.

गुरुजींच्या सूनबाईंना हे आधी कठोर वाटले. आता नात समोर बसून मोजते. आधी आजोबा दोन्ही हात टेकून तीनदा उठत. परवा हात न टेकता आठ झाले.