खानदेशातील चित्रित खापरे : ओळख आणि कालनिश्चिती

प्रस्तावना

चिनी मातीच्या फुलदाणीच्या तळाशी सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव लिहिलेले असले, की तिचा काळ सहज वाचता येतो असा समज होतो. प्रत्यक्षात मिंग सम्राट चंगह्वा (१४६५-१४८७) याच्या नावाची खूण कांगशी (१६६२-१७२२) याच्या काळातील भांड्यांवरही आढळते. म्हणून जाणकार केवळ खुणेवर विसंबत नाहीत. माती, झिलई, रंगाची छटा, घाट आणि तळाची कड यांची साक्ष घेऊन मगच खुणेचा विचार करतात. तापी आणि गिरणेच्या खोऱ्यांतील प्राचीन मृद्भांड्यांवर तर लेखच नाही. त्यामुळे तेथे ही सावधगिरी अधिकच आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या भांड्यांची ओळख व कालनिश्चिती यांची तत्त्वे मांडली आहेत.

उत्खननांचा आधार

गिरणाकाठचे बहाळ (ता. चाळीसगाव) येथे म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ व १९५६-५७ मध्ये, तर तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केले. साक्री तालुक्यातील कवठे येथील उत्खननाने सावळदा संस्कृतीच्या वसतीवर प्रकाश टाकला. जुने अहवाल वाचताना पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा, आणि पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे व १९९८ मध्ये त्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा, हे ध्यानात ठेवावे.

शैलींची ओळख

तापीकाठच्या सावळदा या गावावरून नाव मिळालेली भांडी मध्यम ते जाड पोताची असून त्यांवर जाड लेप असतो. काळ्या रंगात बाण, मत्स्यभाल्यासारखी हत्यारे, मासे व पक्षी काढलेले दिसतात. माळवा भांड्यांवर पिवळसर वा नारिंगी लेपावर गडद तपकिरी किंवा काळी नक्षी असते. जोर्वे भांडी वेगवान चाकावर घडविलेली, पातळ व उत्तम भाजलेली असतात; टिचकी मारल्यास धातूसारखा नाद येतो. तांबड्या पृष्ठावर काळी भौमितिक नक्षी, तोटीची भांडी आणि पोटाशी कंगोरा असलेले वाडगे ही त्यांची लक्षणे होत.

या शैलींचा अनुक्रम अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे स्पष्ट झाला. तेथे सावळदा थर सुमारे इ. स. पू. २२००-२०००, माळवा थर १६००-१४०० आणि जोर्वे थर १४००-१००० असे मानले जातात.

नक्षी फसवते कोठे?

नवी शैली आली म्हणून जुनी त्याच दिवशी संपत नाही. प्रकाशे येथे ताम्रपाषाण काळाच्या पहिल्या टप्प्यात माळवा भांडी आहेत. दुसऱ्या टप्प्यात जोर्वे आणि गुजरातकडील चकचकीत तांबडी भांडी येतात, तरीही माळवा भांडी मिळत राहतात. म्हणजे एकटे माळवा खापर कोणत्या टप्प्याचे, हे नक्षीवरून सांगता येत नाही. थर त्यातील सर्वांत अलीकडच्या वस्तूपेक्षा जुना असू शकत नाही, हाच नियम येथे उपयोगी पडतो.

काळ्या-तांबड्या भांड्यांची अडचण याहून मोठी आहे. ही भांडी राजस्थानातील आहाड येथे ताम्रपाषाण काळात आहेत, आणि प्रकाशे येथे लोहयुगीन थरांतही आहेत. रंग हा भाजण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. तो काळाचा दाखला नव्हे.

ओरखडलेल्या खुणांबाबतही प्रथम एकच प्रश्न विचारावा : खूण भाजण्यापूर्वीची की नंतरची? ओल्या मातीतील रेघेच्या कडा गुळगुळीत असतात. भाजल्यानंतरची रेघ लेप फोडून जाते आणि तिच्या कडा खडबडीत राहतात. पहिली कुंभाराची असणार. दुसरी वापरणाऱ्याचीही असू शकते. दोहोंना लिपी म्हणण्याची घाई करू नये.

थराचे महत्त्व

कर्ब-१४ पद्धतीने सहसा त्याच थरातील कोळशाचे किंवा धान्याचे वय कळते, खापराचे नव्हे. खापराचा काळ त्या थराशी असलेल्या संबंधातून येतो. हा संबंध तुटला की उरते ते शैलीचे नाव आणि काही शतकांचा अंदाज. नेमकी हीच हानी आज घडते आहे. गावालगतच्या पांढरीची माती शेतासाठी वाहून नेली जाते, नदीकाठ ढासळतात आणि वेगवेगळ्या काळांची खापरे एकत्र मिसळतात. विद्यार्थ्याने कौतुकाने आणून दिलेले, पण नोंद नसलेले खापर कपाटात सुरक्षित राहते. त्याची साक्ष मात्र संपलेली असते.

समारोप

तात्पर्य, पोत, लेप, घाट, नक्षी आणि खूण यांवरून खापराची ओळख पटते; त्याचा काळ मात्र थर ठरवतो. महाविद्यालयीन विभागांनी संग्रहापेक्षा नोंदीस प्राधान्य द्यावे. संरक्षित स्थळावरून काहीही उचलू नये. अन्यत्र मोजपट्टीसह छायाचित्र, गाव, गट क्रमांक, नदीपासूनचे अंतर, दिनांक आणि खापर पृष्ठभागावर मिळाले की कापलेल्या दरडीत, एवढे टिपून ठेवावे व पुरातत्त्व विभागास कळवावे. एवढी नोंद असेल, तर पुढील संशोधकाला त्या पांढरीपर्यंत पुन्हा पोहोचता येईल.